अनोळखी रूट पहिल्याच प्रयत्नात चढायचा असेल तर

प्रस्तरारोहणाच्या कृत्रिम भिंतीवर 6बी (काठिण्याची श्रेणी) सहज जातो, मग मुंब्र्याच्या कातळावर त्याहून सोप्या 5सीचा नवा रूट (चढाईचा मार्ग) अर्ध्यावर का सुटतो, हा तुमचा प्रश्न. ताकद पुरेशी आहे, रूट वाचायला कमी पडताय. कृत्रिम भिंतीवरचे होल्ड (हातापायाच्या पकडी) रंगीत असतात. बेसॉल्टमध्ये ते शोधावे लागतात, आणि लटकून शोधत बसलं की हात पंप होतात, म्हणजे फुगून गळून जातात.

ऑनसाइट म्हणजे कोणाला चढताना न बघता, काहीही न विचारता, पहिल्याच खेपेत, न पडता आणि दोरीवर न बसता. मित्र त्या रूटवर असताना तुम्ही बिले दिलंत (खालून त्याची दोरी सांभाळलीत) तर तुमच्यासाठी तो फार तर फ्लॅश, म्हणजे माहिती घेऊन पहिल्याच खेपेत चढलेला. एका रूटला ही संधी एकदाच मिळते, म्हणून आवडता रूट हात थकल्यावर संध्याकाळी वाया घालवू नका.

लीडच्या (दोरी सोबत नेत, वाटेत अडकवत चढायच्या) स्पर्धेत भिंत बघायला 6 मिनिटं देतात. तुम्ही 10 घ्या. पायथ्याला चिकटून उभं राहिलं तर काहीच कळत नाही. मागे जा, मग दोन्ही बाजूंनी बघा. मूव्ह नंतर, आधी विसाव्याच्या जागा हेरा: रुंद पायरी, कोपरा, जिथे एक हात सोडून झटकता येईल. मग प्रत्येक बोल्ट (कातळात पक्का बसवलेला धातूचा आधार) कोणत्या होल्डवरून क्लिप होईल, म्हणजे त्यात दोरी अडकवता येईल, ते ठरवा. दोन विसाव्यांमधला कोरा पट्टा हाच बहुतेक वेळा क्रक्स, म्हणजे सगळ्यात अवघड भाग. तिथे थांबून विचार करायचा नाही. जमलं नाही तर विसाव्यापर्यंत उलटं उतरा; दोरीवर वजन टाकलं नाही तर ऑनसाइट अजून शाबूत असतो.

तिसऱ्या बोल्टपर्यंत डोक्यावर हात ताणून क्लिप करू नका. ओढलेल्या जादा दोरीमुळे पडणं खाली जातं आणि जमीन गाठली जाते. बोल्ट कंबरेपाशी येऊ द्या.

पावसाळ्यानंतर कपचे सुटलेले असतात. बुक्कीनं ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर ओढू नका, फार तर खाली दाबा. खाडीच्या दमट हवेत बोल्ट गंजतात, नटही तपासा. आग्या मोहोळ दिसलं तर तो रूट त्या दिवशी सोडाच.

क्विकड्रॉ (बोल्टला दोरी जोडणारी, दोन्ही टोकांना कॅराबिनर म्हणजे उघडझाप होणारी कडी असलेली पट्टी) मोजलेल्या बोल्टांपेक्षा चार जास्त घ्या: दोन अँकरला (रूटच्या माथ्यावरच्या आधाराला), दोन न दिसलेल्या बोल्टांसाठी. उंचीचा अंदाज खालून चुकतो. 60 मीटर दोरीनं 30 मीटरवरून जेमतेम खाली येता येतं, म्हणून बिलेयरकडच्या टोकाला गाठ हवीच. शिवाय सोडून द्यायला दोन जुनी, पण धड कॅराबिनर हार्नेसला असू द्या. अडकलात तर वरच्या दोन बोल्टांत ती लावून खाली येता येतं.