आईस एज ट्रेलसाठी चारच दिवस असतील तर कुठला भाग चालावा?

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरात मुलीकडे शिकागोला येताय, चार दिवस मोकळे आहेत, सह्याद्रीत चालायची सवय आहे. तर विस्कॉन्सिनच्या आईस एज ट्रेलचा कुठला भाग करावा, आणि तिथे हिमनदी दिसेल का?

हिमनदी दिसणार नाही. तिथला बर्फ सुमारे ११,००० वर्षांपूर्वीच वितळून गेला. ती अजस्र हिमचादर सरकत येऊन जिथे थबकली, त्या सीमेच्या आसपासनं हा ट्रेल जातो. लांबी जवळपास १,९०० किलोमीटर, तीही एकाच राज्यात. त्यातली साधारण ११०० किलोमीटर पिवळ्या खुणांची पायवाट, बाकी जोडरस्ते. किती अंतर कापलं हा हिशेब म्हणूनच इथे सोडून द्या. चढाचाही सोडा, सह्याद्रीच्या मानाने तो किरकोळ आहे. इथली मजा जमीन ओळखण्यात आहे.

मी मिलवॉकीत राहतो आणि पाहुण्यांना दोनच जागा सुचवतो.

पहिले दोन दिवस केटल मोरेन जंगलाचा उत्तर विभाग. मिलवॉकीपासून गाडीने तासाभरावर. डंडी गावाजवळ हेन्री रॉइस यांच्या नावाचं माहिती केंद्र आहे, तिथून सुरुवात करा. रे झिलमर या मिलवॉकीच्या वकिलाने १९५०च्या दशकात या वाटेची कल्पना मांडली आणि रॉइस या खासदाराने ती लावून धरली. १९८० साली तिला राष्ट्रीय ट्रेलचा दर्जा मिळाला. हिमचादरीच्या दोन जिभा, एक ग्रीन बेकडून आणि दुसरी लेक मिशिगनकडून, इथे एकमेकींना भिडल्या. दोघींनी आणलेली वाळू-गोटे मधल्या पट्ट्यात साचले. त्यात गाडले गेलेले बर्फाचे प्रचंड तुकडे मागाहून वितळले, वरची जमीन खचली आणि खोलगट खड्डे तयार झाले. तेच केटल. ग्रीनबुशचा केटल जरूर बघा, आणि काठावरून न परतता त्याचा उतार नीट न्याहाळा. मला सगळ्यात प्रिय आहे तो पार्नेलचा एस्कर. बर्फाच्या पोटातल्या बोगद्यातून वाहणाऱ्या नदीने आपला गाळ तिथेच टाकला. बर्फ गेला आणि तो गाळ नागमोडी बांधासारखा उभा राहिला. ट्रेल त्याच्या माथ्यावरून जातो. म्हणजे तुम्ही नदीच्या तळावरून चालत असता आणि रान दोन्ही बाजूंना खाली असतं. तिथे घाई करू नका!

पुढचे दोन दिवस बाराबूजवळचं डेव्हिल्स लेक. सुमारे १६० कोटी वर्षं जुन्या गुलाबी-जांभळ्या क्वार्टझाइटच्या कड्यांमध्ये जुनी घळ होती. हिमनदीने तिच्या दोन्ही तोंडांशी हिमोढ, म्हणजे सोबत आणलेल्या दगडमातीचे बांध, टाकले आणि मधे तलाव अडला. पूर्वेच्या कड्यावरून ते बांध स्पष्ट कळतात. बॅलन्स्ड रॉकची वाट खडी आहे, तुम्हाला आवडेल. तिथून पश्चिमेला निघालात की थोड्याच वेळात बर्फ कधी पोचलाच नाही असा ड्रिफ्टलेस प्रदेश लागतो. तिथल्या अरुंद दऱ्या केटल मोरेनशेजारी ठेवून पाहिल्या की बर्फाने काय केलं हे पुस्तकाविना समजतं. शक्यतो सोमवार ते गुरुवार जा; पानं रंगलेली असताना शनिवार-रविवारी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.

गाडी लागेलच, बस नाही. सरकारी उद्यानांत आणि जंगलांत गाडीसाठी प्रवेश-स्टिकर घ्यावा लागतो. केटल मोरेनमधल्या निवाऱ्यांत मुक्काम करायचा तर आगाऊ आरक्षण करा. ऑक्टोबरातही गोचिड्या असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होतो, म्हणून पँट मोज्यात खोचा आणि संध्याकाळी अंग नीट तपासा. शिकारीचा हंगाम असतो, त्यामुळे भडक नारिंगी टोपी किंवा बंडी घालाच.

मिनियापोलिसला जाणं होणार असेल तरच पश्चिम टोकाचं इंटरस्टेट पार्क गाठा. निघोजच्या कुकडीतले रांजणखळगे पाहिले असतील तर तिथले खळगे लगेच ओळखाल. खडकही बेसाल्टच, पण सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो कोरला वितळत्या हिमनद्यांच्या पुराने. पॉटहोल ट्रेल छोटा आहे, अर्धा दिवस पुरे.