भाऊ सिंह, बहीण हरिणी

प्रश्न : पुण्यात माझ्या वर्गात होसय नावाची अफगाण मुलगी आहे. होसय म्हणजे हरिणी. तिच्या भावाचं नाव जमरय, म्हणजे सिंह. पश्तो म्हणींतही बायका-पुरुषांची अशीच वाटणी असते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नावांत ती आहे खरी. मुलगा जमरय किंवा बाज, म्हणजे ससाणा; मुलगी होसय नाहीतर जरका, म्हणजे चकोर. शिकार करणारे ते, आणि जिची शिकार होते ती ही. सतराव्या शतकातला कवी-सरदार खुशाल खान खटक तर बाजाचा एवढा षौकी, की त्यावर त्याने स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

म्हणींत मात्र सगळी सरमिसळ. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, ही म्हण आपल्यासारखीच पश्तोतही आहे, आणि ती बाप्यांनाही लागते. उंटवाल्याशी दोस्ती करायची तर दार उंच बांधावं, यात बाई-पुरुष काहीच नाही. आणि बायकांवरची मला सर्वांत जहरी वाटणारी म्हण? ‘बाईची जागा एक तर घरात, नाहीतर कबरीत.’ तिच्यात औषधालाही जनावर नाही! त्यामुळे नुसते प्राणी मोजून फारसं हाती लागत नाही.

मी आधी विचारते, म्हण बोललं कोण? पाहुणे, गप्पा, तंटे हे सगळं हुजऱ्यात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत चालतं. पश्तून मुलखातल्या बन्नूचा इंग्रज अधिकारी थॉर्बर्न याने १८७६ साली पश्तो म्हणींचा मोठा संग्रह छापला. परक्या साहेबासमोर घरातल्या बायका कशाला येतील बोलायला?

बायकांचं बोलणं लंडय या लोककवितेत आहे. दोनच ओळी, पहिलीत नऊ अक्षरं, दुसरीत तेरा. रचणारीचं नाव नाही. आखूड विषारी सापालाही लंडयच म्हणतात, आणि डंख तसाच. एकीत बाई म्हणते, माझा सखा लढाईतून पळून आला. काल रात्री त्याला दिलेल्या चुंबनाचा आता पस्तावा होतोय. कवी-अभ्यासक सय्यद बहाउद्दीन मजरूह यांनी अशा लंडया गोळा केल्या. १९८८ मध्ये पेशावरला त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांच्या संग्रहाचा इंग्रजी अनुवाद आहे. आधी तो मिळवा, म्हणी मागाहून वाचा.