‘सद्सद्विवेक’ नव्हे, सदसद्विवेक

दारव्ह्याजवळच्या एका खेड्यातल्या शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे: प्रगतिपत्रकात ‘सद्सद्विवेकबुद्धी’ असा रकाना आहे, हा शब्द बरोबर आहे का, आणि पहिली-दुसरीच्या लेकरांना ती असते का?

शब्द चूक आहे. सत् आणि असत् मिळून सदसत्, म्हणून सदसद्विवेक. ‘सद्सद्’ लिहिलं की असत् गळून पडतं. मग विवेक कशाचा करायचा? भाषणांत, फलकांवर हीच चूक सारखी दिसते आणि दर वेळी डोकं तापतं. सार आणि असार यांचा ‘सारासार’ बरा कुणी बिघडवत नाही!

त्याहून वाईट चूक अर्थाची. पोरगं हाताची घडी घालून गप्प बसलं की मास्तर त्याला ‘विवेकी’ ठरवतात. तो आज्ञाधारकपणा झाला. विवेकात ‘विच्’ धातू आहे, धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘विचिर् पृथग्भावे’, म्हणजे वेगळं करणं. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत कांडलेल्या दाण्यांना उद्देशून मंत्र आहे: ‘वायुर्वो विविनक्तु’, वारा तुम्हांला वेगळं करो. तत्त्वज्ञांच्या हाती लागण्याआधी हा धातू कोंडा उडवत होता!

आणि माझ्या मते आपलं ‘वेचणे’ याच घरातलं. पंडित ते ‘वि’ उपसर्ग आणि ‘चि’ धातू या जोडीकडे नेतात. त्या जोडीत निवडण्याचा अर्थ आहे, मान्य. पण ‘चि’चा मूळ ओढा रास घालण्याकडे. पराटीत, म्हणजे कपाशीत, शिरलेली बाई बोंडातला फुललेला कापूस चिमटीने ओढते, पाल्याचा चुरा झटकते, कवडी, म्हणजे खराब कापूस, वेगळी ठेवते. रास नंतर होते. आधी बोटं वेगळं करतात. शिवाय ‘विवेचन’ मोठ्याने म्हणून पाहा, ‘वेच’ आत बसलेलाच आहे. ग्रंथालयात बसून व्युत्पत्ती लावणाऱ्यांनी एकदा तरी वेचणीला यावं.

हां, लेकरांचं. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या १९३२च्या ग्रंथात दोन गोष्टी आहेत. एक मुलगा जेवायला बोलावलं म्हणून दार ढकलतो, मागचे १५ कप फुटतात. दुसरा आई घरी नसताना मुरंबा काढायला जातो, एक कप फुटतो. जास्त चूक कुणाची? मी आमच्या पोरांना विचारलं. लहानगा म्हणाला, “पंधरा फोडले त्यानं, त्यालेच जास्त मारा.” चौथीतली त्याची बहीण उसळली, “त्याले का मालूम दारामांग कप हायत म्हून?” पियाजेलाही हेच दिसलं: लहान मुलं नुकसान मोजत, नऊ-दहाच्या सुमारास हेतू पाहू लागत. ही खरी वेचणी, नुकसान एकीकडे, हेतू एकीकडे.

पण म्हणून लहानग्याला विवेकच नाही, असं समजू नका. एलियट ट्युरिएल हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्यांनी दाखवलं की अगदी लहान मुलंही, बाईंनी परवानगी दिली तरी दुसऱ्याला मारणं वाईटच म्हणतात. शाळेचे रिवाज मात्र बाईंनी बदलले तर चालतील म्हणतात. नियम आणि इजा ती तेव्हाच वेगळे काढतात.

तेव्हा बाई, रकाना राहू द्या, शब्द दुरुस्त करा. आणि शेरा लिहिताना पोरगं किती गप्प बसतं ते सोडा. भांडण झाल्यावर ‘कायले मारलं?’ या प्रश्नाला ते काय उत्तर देतं, ते लिहा.