थापेचं वजन

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. अ‍ॅनिमेशनच्या वर्गासाठी केलेली वीस सेकंदांची, आजी भाकरी थापतानाची फिल्म पाहिली. एकदा नाही, सात-आठ वेळा. तू लिहितेस, २४० चित्रं काढून मान धरली, आणि सरांनी मात्र दोनच शब्द सांगितले: ‘वजन नाही.’ तुला ते लागलं, हे कळतं. पण सर बरोबर सांगताहेत, आणि दोष तुझ्या रेषेचा नाही. आजीचा हात तू सुंदर काढला आहेस. चुकतोय तो वेळेचा हिशेब.

तुझ्या मूळ व्हिडिओतला आवाज मी मोजला. आजीच्या थापा सेकंदाला साधारण दोन पडतात. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चौकटी, सरकतात आणि तुझं एक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे एका थापेला तुझ्या वाट्याला सहा चित्रं येतात. तू तीन वर जायला दिलीस, तीन खाली यायला, आणि मधली अंतरंही सारखी ठेवलीस. म्हणून हात पिठावर पडत नाही, पाण्यात तरंगल्यासारखा नुसता खालीवर होतो.

आता व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघ. हात सावकाश उचलला जातो, वर पोचता पोचता मंदावतो आणि खाली मात्र झपकन येतो. मग तळवा पिठावर क्षणभर टेकून राहतो, आणि त्याच क्षणात भाकरी परातीत जराशी फिरते. सगळं वजन त्या टेकण्यात आहे. वर जायला तीन चित्रं ठेव, खाली यायला एकच, आणि उरलेली दोन टेकलेल्या हाताला दे. चित्रं तेवढीच राहतील, पण थाप ऐकू येईल.

बांगड्याही बघ. हात वर गेला की त्या कोपराकडे घसरतात, आणि थाप पडल्यावर एखादं चित्र उशिरा मनगटाशी येऊन आदळतात. तू त्या हाताला चिकटवून टाकल्या आहेस.

दुसरं, क्रमाने काढत जाऊ नकोस. पहिल्या वर्षी मी एक ते नव्वद चित्रं ओळीने काढली होती. साठाव्या चित्रापाशी लक्षात आलं की माझ्या म्हाताऱ्याचं डोकं दीडपट मोठं झालंय. तीन आठवड्यांचं काम गेलं. आधी हात वर आणि हात टेकलेला ही दोन मुख्य चित्रं पक्की कर, मग लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर कागद ठेवून, मधली भर. खरं तर त्याच्याही आधी स्वतः परातीसमोर बस आणि थाप. खांदा आधी हलतो, मग कोपर, मग मनगट, बोटं सर्वांत शेवटी. हे अंगाला कळल्याशिवाय हाताला कळत नाही.

आणि ते मांजर, तो खिडकीबाहेरचा पाऊस, चुलीचा धूर? काढून टाक. जीव तुटेल, मला माहीत आहे. पाऊस तू मनापासून काढला आहेस. पण दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडं थोडं चित्रण करत ‘अंकुराची वाढ’ केली, तेव्हा पडद्यावर दाखवायला होता फक्त एक अंकुर. तो छोटासा पट पाहून त्यांना पुढच्या चित्रपटासाठी पैसे देणारा माणूस मिळाला. एकाच हालचालीवर एवढे दिवस काढायची तयारी मला आजही थक्क करते. तुझ्याकडे तर आजीचा हात आहे.

सॉफ्टवेअर कोणतं घेऊ, असंही तू विचारलं आहेस. जे हाताशी आहे ते. कांद्याच्या पाकळ्यांसारखी मागची-पुढची चित्रं फिकट दिसण्याची सोय असली की पुरे.

रविवारपर्यंत मला फक्त सहा चित्रं पाठव. पेन्सिलची, रंग न भरलेली. तीच फिरवून फिरवून बघू. थाप जमली की बाकीच्या सेकंदांना हात घालू.

आणि पीठ ज्वारीचं आहे की बाजरीचं, तेवढं आजीला विचारून कळव. बाजरीची कड थापताना लगेच चिरते, मग डाव्या हाताची बोटं कडेशी जास्त वेळ राहतात. तसं असेल तर त्या हाताची चित्रं वेगळी मोजावी लागतील.

तुझा,
काका