पाचवा हप्ता थांबवा, बोटीचं मग बघू

मूळचे रत्नागिरीचे, वय 44, ग्रीसच्या पिरेयसमधल्या एका शिपिंग कंपनीत टेक्निकल सुपरिंटेंडंट असलेल्या वाचकांचं पत्र आहे. पत्नी आणि बारा वर्षांची मुलगी सोबत आहेत. पगार हातात महिना 4,000 युरो, खर्च 2,800. या ऑगस्टमध्ये पुण्याहून दोन मित्र सपत्निक येणार आहेत आणि सगळ्यांना आठवडाभर शिडाच्या बोटीतून ग्रीक बेटं फिरायची आहेत. वाचक लिहितात : 'दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी येतंच. दर वेळी भाडं भरण्यापेक्षा 2006 ची 37 फुटी बोट 45,000 युरोला मिळतेय, तीच घ्यावी म्हणतो. आम्ही वापरत नसू तेव्हा चार्टरला (भाड्याने) लावली तर 12 टक्के सुटतील, असं ब्रोकर म्हणतो. मुलीच्या शिक्षणाची पॉलिसी आहे. ऑगस्टमध्ये पाचवा हप्ता भरला की पाच वर्षं पूर्ण होतात आणि तीस लाख व वर बोनस काढता येतो. उरलेलं कर्ज काढीन. बोट घेऊ का?'

नको. बोटीचं उत्तर एवढंच आहे आणि त्याची कारणं खाली देतो. आधी त्या 'काढता येतो'बद्दल बोलू, कारण बोट घेतली नाहीत तरी ते भोक तुमच्या खिशात आहेच.

पाच वर्षांनी पैसे काढता येतात हा नियम युलिपचा, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेल्या विमा पॉलिसीचा. तुमच्याकडे युलिप नाही. तुम्ही पाठवलेल्या बाँडवर 'नॉन-लिंक्ड' असं पहिल्याच पानावर छापलंय. ही साधी एंडोमेंट पॉलिसी आहे : दहा वर्षं सहा-सहा लाख भरायचे, सुरुवात ऑगस्ट 2022, आणि ऑगस्ट 2042 मध्ये 1 कोटी 20 लाख मिळायचे. अशी पॉलिसी चौथ्या ते सातव्या वर्षात मोडली, तर कंपनीवर बंधन आहे ते भरलेल्या हप्त्यांच्या निम्मे देण्याचं. तुमच्या पॉलिसीच्या तक्त्यातही तोच आकडा आहे. आज 24 लाख भरलेत, सरेंडर केलं तर 12 मिळतील. पाचवा हप्ता भरून मोडलीत तर 30 चे निम्मे, म्हणजे 15. ऑगस्टमध्ये तुम्ही सहा लाख भरणार आणि त्यातले तीन परत घेणार. एजंटने हे सांगितलं नाही, कारण पाचव्या हप्त्यावरही त्याचं कमिशन आहे.

म्हणजे बोटीच्या हिशेबात तीस लाख धरलेत तिथे पंधरा आहेत. बोटीचे 45,000 युरो म्हणजे 45 लाख रुपये, त्यातले राहिलेले तीस लाख कर्जाने उभे करणार होतात का?

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. पॉलिसीच्या नावात 'चाइल्ड' आहे म्हणून ती मुलीच्या शिक्षणाची ठरली. मुलगी आज बारा वर्षांची आहे, कॉलेजात जाणार 2032 मध्ये. पॉलिसी पैसे देणार 2042 मध्ये. तेव्हा ती 28 वर्षांची असेल. विकणाऱ्याने ही दोन वर्षं एका कागदावर शेजारी-शेजारी लिहिली असती, तर पॉलिसी विकलीच गेली नसती.

'दुप्पट मिळतात' हे तर ब्रह्मवाक्यच झालंय. साठ लाखांचे एक कोटी वीस, मान्य. पण साठ लाख एकदम भरलेले नाहीत, दहा वर्षांत पसरलेत. सरासरी धरली तर प्रत्येक रुपया साडेपंधरा वर्षं अडकतो. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी 72 ला भागलं की साधारण व्याजदर निघतो. 72 ला साडेपंधराने भागा : साडेचार टक्क्यांच्या जरा वर. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईच्या) मुदत ठेवीवर साडेसहा टक्क्यांच्या आसपास मिळतात, भारतात करमुक्त, आणि त्यासाठी कुणी घरी मिठाई घेऊन येत नाही.

मग मोडायची का? इथेच लोक दुसरी चूक करतात. चिडून सरेंडर करतात. करू नका, पेड-अप करा. हप्ते थांबवले की पॉलिसी मरत नाही, दहापैकी चार हप्ते भरलेत म्हणून चार दशांश जिवंत राहते. तुमच्या तक्त्यात पेड-अप रक्कम 48 लाख दाखवलीय, मिळणार 2042 मध्येच. आज 12 लाख उचलायचे की सोळा वर्षांनी 48 घ्यायचे? चौपट, म्हणजे दोनदा दुप्पट, दर आठ वर्षांनी एकदा. ते नऊ टक्के झाले, हमीचे. एवढ्या वाईट पॉलिसीत आज हाच एक चांगला सौदा शिल्लक आहे, कारण त्याची किंमत तुम्ही नुकसानीत आधीच मोजलीत. उलट पुढचे सहा हप्ते, म्हणजे 36 लाख, भरलेत तर त्यांचे 72 होतील, सरासरी साडेतेरा वर्षांनी. ते सव्वापाच टक्के. चार हप्ते ठेवायचे, सहा भरायचे नाहीत.

पण क्रम चुकवू नका. पॉलिसी पेड-अप झाली की विम्याची रक्कमही 60 लाखांवरून 24 लाखांवर येते. तुमचा वर्षाचा पगार 48 लाख रुपये (युरो शंभर रुपये धरतोय). आजचं साठ लाखांचं कवच म्हणजे सव्वा वर्षाचा पगार, हेच मुळात हास्यास्पद आहे, त्याचे 24 करून ठेवू नका. आधी दोन कोटींचा टर्म इन्शुरन्स घ्या, साठाव्या वर्षापर्यंत. हप्ता वर्षाला साठ हजारांच्या आसपास धरा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढी तरी सूट. अर्जात 'कार्यालयीन नोकरी' लिहून सोडू नका. सुपरिंटेंडंट म्हणून तुम्ही ड्रायडॉकमध्ये आणि चालू जहाजांवर तपासणीला जाता, ते स्पष्ट लिहा. क्लेमच्या वेळी कंपनी सगळ्यात आधी तेच शोधते. वैद्यकीय तपासणीसाठी भारतात यावं लागलं, तर जूनच्या सुट्टीत उरका. टर्मचा बाँड हातात आला की मगच एंडोमेंटचा ऑगस्टचा हप्ता चुकवा. तीस दिवसांचा ग्रेस असतो, त्या तीस दिवसांत एजंटचे तीस फोन येतील.

वाचलेल्या सहा लाखांतून टर्मचा हप्ता गेला की 5.4 लाख उरतात. 2032 पर्यंत सहा वर्षं हे बाजूला टाकलेत तर साडेसहा टक्क्यांनी चाळीस लाखांच्या आसपास होतात, आणि ते मुलगी अठराची असताना होतात, 28 ची असताना नाही. मुलगी युरोपातच शिकणार असेल तर निम्मी रक्कम युरोतच ठेवा. तिची फी वाढायची ती युरोत वाढेल. आणि अडीअडचणीचा फंड : ग्रीक बँकेत 9,000 युरो आहेत, सहा महिन्यांचा खर्च 17,000 होतो. आठ हजार कमी आहेत. ते पगारातून भरा, वर्षात होतील.

आता बोट.

वीस वर्षांच्या 37 फुटी बोटीचा वर्षाचा खर्च असा : अथेन्सच्या आसपासच्या मरीनात जागा साडेचार हजार युरो, वर्षातून एकदा पाण्याबाहेर काढून तळ घासणं आणि अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा रंग) बाराशे, विमा पाचशे, इंजिन सर्व्हिस चारशे, टेपाइ (ग्रीसचा बोटींवरचा) कर आणि कागदपत्रं चारेकशे, पंप-बॅटरी-दोर यांची किरकोळ हजारभर. आठ हजार, म्हणजे आठ लाख रुपये, बोट जागची हलली नाही तरी. यात डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा नाहीत. वीस वर्षांच्या तारा बदलल्याशिवाय बऱ्याच विमा कंपन्या पूर्ण विमा देत नाहीत, आणि ते काम पाच हजारांच्या घरात जातं. सेलड्राइव्ह (इंजिनपासून बुडातून थेट खाली पंख्यापर्यंत जाणारी जोडणी) असेल तर बुडाच्या भोकावरचं रबरी डायफ्रॅम बघा. व्होल्वो पेंटाची शिफारस सात वर्षांनी बदलण्याची आहे, आणि विकणारा बहुतेक वेळा 'अजून छान आहे' म्हणतो. तुम्ही मरीन इंजिनियर, हे मी तुम्हाला सांगायला नको, पण ब्रोकरच्या वहीत ते दिसलं नाही म्हणून लिहितो.

चार्टरचे 12 टक्के विसरा. ग्रीसमध्ये खासगी नोंदणीच्या बोटीवर भाडं घेता येत नाही, मित्रांकडूनही नाही. 2014 च्या 4256 क्रमांकाच्या कायद्याखाली व्यावसायिक नोंदणी करावी लागते, किमान चार्टर दिवस भरून दाखवावे लागतात. शिवाय वीस वर्षांची बोट लोक जुलै-ऑगस्टमध्येच घेतात, जेव्हा नव्या संपलेल्या असतात. आणि तुमचे मित्र कधी येणार? ऑगस्टमध्ये.

तर भाड्यानेच घ्या आणि शक्यतो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. समुद्र तेव्हाही कोमट असतो आणि भाडं ऑगस्टच्या तुलनेत बरंच उतरतं. तुम्ही सात जण, म्हणून चार केबिनची 45 फुटी : 2,600 युरो. स्किपर दिवसाला 200, सात दिवसांचे 1,400, आणि त्याचं जेवण तुमच्याकडे. साफसफाई, चादरी, ट्रान्झिट लॉग (बोटीची कागदपत्रं) 300. डिझेल 250, बंदराचे पैसे आणि पाणी 150. एकूण 4,700. तीन कुटुंबांत भागून प्रत्येकी सोळाशेच्या आत. बोट घेतली असतीत, तर तिच्या नुसत्या वार्षिक देखभालीत तुमच्या वाट्याचे असे पाच आठवडे निघाले असते.

स्किपर टाळता येईल असं वाटत असेल तर नाही. तुमचं क्लास वन प्रमाणपत्र इंजिनचं आहे. चार्टर कंपनीला शिडाच्या बोटीचा परवाना लागतो, आयसीसी (छोट्या बोटी चालवण्याचा आंतरराष्ट्रीय दाखला) किंवा त्या तोडीचा, आणि सोबत बोट हाताळू शकणारा दुसरा एक माणूस. स्किपरला एक केबिन द्या. तीन जोडप्यांना तीन, मुलगी सलूनच्या बाकावर झोपेल, तिला तेच आवडेल.

पत्रात मिकोनोस-सँटोरिनीची यादी आहे, ती खोडा. उन्हाळ्यात एजियनमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो, सहा-सात बोफर्ट (वाऱ्याच्या जोराचं माप) सहज. जाताना वारा मदत करतो, येताना तोंडावर. तिथे अडकलात आणि शुक्रवारी संध्याकाळी बोट परत आली नाही, तर उशिराचा दंड वेगळा आणि मित्रांचं चुकलेलं विमान वेगळं. सप्टेंबरात जोर कमी होतो, पण एका आठवड्यात तेवढं अंतर कापायला गेलात तर सगळी सुट्टी सुकाणूवर जाईल. अथेन्सजवळच्या अलिमॉसहून सरॉनिक आखात घ्या : एजिना, पोरॉस, इद्रा, एर्मिओनी, परत. रोज तीन-चार तास शीड, संध्याकाळी टव्हेर्ना.

इद्राचं बंदर मात्र जपून. जागा चिंचोळी, बोटी पाठ धक्क्याला लावून दोन-तीन रांगांत उभ्या, आणि समोरासमोरच्या नांगरांच्या साखळ्या तळाशी एकमेकींवर पडलेल्या. सकाळी नऊला पहिला निघतो आणि त्याच्या नांगरासोबत तुमचीही साखळी वर येते. जाणता स्किपर परक्या साखळीखालून दोर घालून ती बोटीला टांगतो, आपला नांगर खाली सोडून मोकळा करतो आणि मग दोर सोडतो. घाईत विंचचं बटण दाबून धरणाऱ्याचा ब्रेकर उडतो, कधी मोटारच जळते. तो खर्च अनामतीतून जातो.

अनामत साधारण 3,000 युरो, क्रेडिट कार्डावर अडकते, आणि तुम्ही गृहीत धरलंय की कार्ड तुमचं. तीनशेच्या आसपास भरून डॅमेज वेव्हर (नुकसानीच्या भरपाईतून सूट) घेतला तर जोखीम काहीशेवर येते, पण हरवलेला नांगर, डिंघी (सोबतची छोटी होडी) आणि तिचं आउटबोर्ड इंजिन बहुधा त्यात धरत नाहीत. करार वाचा, आणि तिन्ही कुटुंबांत कोण किती सोसणार ते व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, निघण्याआधी लिहून घ्या.

मित्र त्यांचा वाटा 'माझ्या पुण्याच्या जुन्या बचत खात्यात टाकतील', असं तुम्ही सहज लिहून गेलात. ते खातं अजून रहिवासी म्हणूनच चालू आहे ना? परदेशी नोकरीला गेल्यावर ते एनआरओ (अनिवासींचं साधं खातं) करून घ्यायला हवं होतं, फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली तसं बंधन आहे. बँकेत फॉर्म भरा, आठवड्यात होतं. आणि या सहलीचे पैसे त्या खात्यात नकोतच. मित्रांनी आपापला वाटा भारतातून थेट चार्टर कंपनीला युरोत पाठवावा. एलआरएसमध्ये (रहिवाशांनी परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत) वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएसही, म्हणजे पाठवतानाच कापला जाणारा करही, लागत नाही.

बुकिंगला निम्मी रक्कम जाते, उरलेली निघण्याच्या महिना-सव्वा महिना आधी. मित्रांना शेंगेन व्हिसा लागेल : माणशी 90 युरो फी, तीस हजार युरोंचा प्रवास विमा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. व्हिसा नाकारला गेला तर भरलेली निम्मी रक्कम कुणाची बुडणार, हे बुकिंगच्या आधी विचारा, आणि दुसरा हप्ता पासपोर्टवर स्टिकर दिसल्याशिवाय कुणीही भरू नये.