नव्या सत्तेला ‘नाही’ कोण म्हणणार?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे लांबलचक पत्र दोनदा वाचले. अरब देशांतील उठाव हा प्रबंधाचा विषय निवडलास तेव्हा कैरोच्या ताहरीर चौकातील गर्दीच्या छायाचित्रांनी तू भारावला होतास. आता ट्युनिशियाची राजधानी ट्युनिसमध्ये विरोधी पुढारी तुरुंगात असल्याचे वाचून ‘अरब समाजाला लोकशाही मानवतच नाही, असा शेवट करू का’ असे विचारतो आहेस. तुझा वैताग मला समजतो. निष्कर्ष मात्र आळशी आहे आणि तुझ्याकडून मला तो अपेक्षित नव्हता.

या विषयाकडे मी वर्षानुवर्षे एकाच प्रश्नाने पाहत आलो आहे आणि त्यापायी हेकेखोर म्हणवूनही घेतले आहे. उठावानंतर जो सत्तेवर येईल, त्याला ‘नाही’ कोण म्हणणार, आणि त्याने ते का ऐकावे? जुना राजा कसा पडला याची वर्णने तुझ्या पहिल्या तीन प्रकरणांत भरपूर आहेत. या प्रश्नाचे उत्तर एकाही पानावर नाही.

११ फेब्रुवारी २०११ रोजी इजिप्तचे अध्यक्ष होस्नी मुबारक पायउतार झाले, त्याच आठवड्यात आमच्या मित्रमंडळींच्या बैठकीत मी विचारले होते की, सत्ता लष्कराच्या सर्वोच्च परिषदेकडे गेली आहे, मग आपण नेमके कशाचे पेढे वाटतो आहोत? एका फार जवळच्या मित्राला तो तरुणांच्या बलिदानाचा अपमान वाटला. त्यानंतर आमचे बोलणे जवळजवळ थांबले आणि तो गेला तेव्हाही ते तसेच होते. प्रश्न जरा मऊ शब्दांत विचारता आला असता, ही खंत मला आहे. प्रश्न विचारल्याची नाही.

पुढे इजिप्तमध्ये काय झाले ते बारकाईने पाहा. जून २०१२ मध्ये सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने नवनिर्वाचित संसदेचे कनिष्ठ सभागृह बरखास्त करायला लावले. म्हणजे ‘नाही’ म्हणणारी संस्था तिथे होती, असे तू म्हणशील. होती, पण तिचे न्यायाधीश मुबारक यांच्या काळात नेमलेले होते आणि मुस्लिम ब्रदरहुड या इस्लामवादी संघटनेच्या दृष्टीने ते न्यायालय म्हणजे जुन्या राजवटीची उरलेली शेपटी होती. त्याच महिन्यात ब्रदरहुडचे मोहम्मद मोर्सी सुमारे ५२ टक्के मते मिळवून अध्यक्ष झाले आणि २२ नोव्हेंबरला त्यांनी घोषणापत्र काढून आपले निर्णय न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेले. निवडून आलो आहे, मग मला अडवणारे तुम्ही कोण, हा त्यामागचा सूर होता. यावर कैरोतील उदारमतवाद्यांनी काय करावे? जून २०१३ च्या अखेरीस प्रचंड मोर्चे निघाले आणि ३ जुलै रोजी लष्करप्रमुख जनरल अब्देल फतह अल-सिसी यांनी मोर्सींना हटवल्याची घोषणा केली, तेव्हा मोहम्मद अल-बरादेई यांच्यासारखा नोबेल मिळालेला माणूस त्यांच्या पाठीशी बसला होता. १४ ऑगस्टला रबा अल-अदविया चौकात मोर्सींच्या समर्थकांपैकी शेकडो माणसे मारली गेली आणि अल-बरादेई यांनी नव्या राजवटीतल्या उपाध्यक्षपदाचा राजीनामा दिला. उशीर झाला होता. ज्या रणगाड्याने आपला विरोधक हटतो, त्याला ‘नाही’ म्हणायची सोय आपण स्वतःच संपवलेली असते.

आता ट्युनिशिया, कारण तुझी खरी निराशा तिथली आहे. डिसेंबर २०१० मध्ये सिदी बुझिद गावातील फेरीवाला मोहम्मद बुअझिझी याने स्वतःला पेटवून घेतले आणि १४ जानेवारी २०११ रोजी अध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर आणखी पाने खर्च करू नकोस. तुझे पाचवे प्रकरण २०१३ च्या उन्हाळ्यापासून सुरू व्हायला हवे. दोन डाव्या नेत्यांच्या हत्या झाल्या होत्या, शेजारी इजिप्तमध्ये लष्कर आले होते आणि देश फाटण्याच्या बेतात होता. तेव्हा कामगार महासंघ, उद्योजकांची संघटना, वकिलांची परिषद आणि मानवी हक्क लीग या चौघांनी पक्षांना एका टेबलावर बसवले. त्यातला कामगार महासंघ १९४६ पासूनचा, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीचा. त्याने संपाची हाक दिली तर देश थांबतो, हे प्रत्येक सरकारला ठाऊक होते. सर्वांत मोठा पक्ष असलेल्या इस्लामवादी एन्नहदाने त्यानंतर मंत्रिमंडळ सोडले आणि २६ जानेवारी २०१४ रोजी संविधान संमत झाले. या समाजाला लोकशाही मानवत नाही म्हणणाऱ्याने हे सहा महिने समजावून सांगावेत, मग पुढे बोलावे.

पण ज्यांनी ते संविधान लिहिले, त्यांनीच एक खोली रिकामी ठेवली. संविधान न्यायालय वर्षभरात स्थापन व्हायचे होते. बारा सदस्य, चार संसदेने, चार न्यायमंडळाने (म्हणजे न्यायाधीशांचा कारभार पाहणाऱ्या परिषदेने), चार अध्यक्षांनी नेमायचे. संसदेच्या चार जागांसाठी २१७ पैकी १४५ मते लागत, आणि प्रत्येक पक्षाला तिथे आपला माणूस हवा होता. सात वर्षांत एकच सदस्य निवडला गेला. शेवटी २०२१ मध्ये संसदेने मतांची अट सैल करणारी दुरुस्ती मंजूर केली, तर संविधानाचेच प्राध्यापक राहिलेले अध्यक्ष कैस सईद यांनी ‘मुदत टळून गेली आहे’ म्हणून सही नाकारली. त्याच वर्षी २५ जुलै रोजी त्यांनी संविधानातील आणीबाणीच्या कलम ८० चा आधार घेऊन पंतप्रधानांना काढले आणि संसद गोठवली. त्या कलमानुसार संसद सतत सुरू राहायला हवी होती, आणि तीस दिवसांनंतर आणीबाणीची गरज आहे की नाही हे तपासायला न्यायालयाकडे जाता येत होते. न्यायालयच नव्हते. संसदेच्या फाटकाशी लष्कराची गाडी उभी होती आणि सभापती घन्नूशी बाहेर ताटकळत होते, त्या रात्री ट्युनिसच्या रस्त्यांवर लोक आनंदाने हॉर्न वाजवत होते.

त्या लोकांना मूर्ख म्हणू नकोस. दहा वर्षांत सरकारे येत-जात राहिली, नोकऱ्या आल्या नाहीत, करोनाने रुग्णालये कोलमडली, आणि समोर एक स्वच्छ, पक्षविरहित माणूस उभा होता. अशा माणसाच्या पायाशी स्वातंत्र्य ठेवण्याबद्दल बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत आपल्यालाही बजावले होते. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा केवळ भारतापुरता नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये सईद यांनी न्यायमंडळ बरखास्त केले, जूनमध्ये ५७ न्यायाधीशांना घरी पाठवले, आणि वर्षअखेरच्या संसदीय निवडणुकीत जेमतेम अकरा टक्के मतदान झाले. प्रत्येक पायरीवर माझा तोच कंटाळवाणा प्रश्न विचार, उत्तर आपोआप दिसेल.

लिबिया, येमेन, बहरीन यांना तू एकाच प्रकरणात कोंबले आहेस, ते मला मान्य नाही. बहरीनमध्ये मार्च २०११ मध्ये सौदी नेतृत्वाखालील फौजा शेजारून आल्या. तिथला उठाव आतून फसलेला नाही, बाहेरून चिरडलेला आहे. लिबियात चाळीसहून अधिक वर्षे गद्दाफींनी कोणतीच संस्था उभी राहू दिली नाही, त्यामुळे ‘नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बंदूकच होती. येमेन धरून हे तीन वेगळे आजार आहेत आणि त्यांना एक नाव देणे ही नुसती सोय आहे.

राहता राहिला सीरिया. ८ डिसेंबर २०२४ रोजी तिथले हुकूमशहा असद पळाले, त्यावरची तुझी चार पाने सुंदर आहेत आणि ती वाचताना मलाही भरून आले. तुरुंगांची दारे उघडल्याची चित्रे पाहून ज्याला काही वाटत नाही, त्याने हा विषय घेऊ नये. पण मार्च २०२५ चे हंगामी घटनात्मक घोषणापत्र तू तळटीपेत ढकलले आहेस. त्यात संसदेच्या एक तृतीयांश सदस्यांची नेमणूक नव्या अध्यक्षांकडे आहे आणि सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाचे सातही न्यायाधीश अध्यक्षच नेमणार आहेत. ती तळटीप वर आण, प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदात ठेव, आणि मसुदा पुढच्या महिन्यात मला पाठव. शेरे कडक असतील, हे आधीच सांगून ठेवतो.

तुझा,
एक हेकेखोर शुभचिंतक