आधी बारा मिनिटं उभी कर

पत्र: मी सांगलीत उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाहुल्या आणि स्टॉप मोशन (वस्तू थोडी थोडी हलवत एकेक फ्रेम, म्हणजे एकेक फोटो घ्यायचा, असं) अ‍ॅनिमेशन एकत्र करून महापुरावर पन्नास मिनिटांचा प्रायोगिक प्रयोग बसवायचा आहे. मागे पडद्यावर पुराची फिल्म आणि पुढे बाहुल्या, अशी कल्पना आहे. त्यात आजोबांच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवाचा (हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठाराचा) एक छोटा प्रवेशही आहे. यासाठी एनआयडीत (अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) जाऊ, नाटकाच्या शाळेत जाऊ की थेट प्रयोगच करू? बाबा म्हणतात, पुण्यात वेबसाइट डिझाइनची नोकरी मिळतेय ती धर. (खाली बाबांच्या अक्षरात: यात पोट भरेल का, एवढं स्पष्ट सांगा.)

उत्तर:

पन्नास मिनिटांचा प्रयोग आत्ता करू नकोस. बारा मिनिटांचा कर. आणि तो सगळ्या पुरावर नको, आजोबांच्या पेवावर कर. ज्या प्रवेशाला तू पत्रात एकच ओळ दिलीस, तोच तुझा प्रयोग आहे असं मला ठामपणे वाटतं. का, ते सांगतो.

मागे मोठ्या पडद्यावर पूर आणि पुढे दीड फुटाची बाहुली असेल, तर प्रेक्षक पडदाच बघतील. जे मोठं आणि उजळ असतं तिकडे डोळा जातो. बाहुली जिवंत वाटते ती तिच्या श्वासामुळे, नजरेमुळे, थांबण्यामुळे, आणि मागे सतत काही हलत असलं की हे सगळं बारीक काम वाया जातं. स्वतःला एक प्रश्न विचार: फिल्म काढून टाकली तरी प्रयोग उभा राहतो का? राहत असेल तर ती काढावी. पुराच्या कल्पनेत फिल्म निघू शकते. पेवात ती निघत नाही.

बघ ना, पेवाची रचनाच रंगमंचाची आहे. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली जमिनीच्या पोटात मोठी पोकळी. जमिनीवरचं जग बाहुलीला दे, जमिनीखालचं फिल्मला. बाहुलीने पेवात हात घातला की पडद्यावर वरून हात खाली येताना दिसेल. पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही, हे आजोबांनी तुला सांगितलंच असेल. आत पुरेसा प्राणवायू नसतो, म्हणून आधी कंदील सोडून बघतात आणि तो विझला तर थांबतात. हा कंदील रंगमंचावर बाहुलीच्या हातून सुटतो, पडद्यावर एकेका फ्रेमने खाली जातो, विझतो, आणि त्याच क्षणी रंगमंचावरचा दिवाही जातो. इथे बाहुलीला फिल्म लागते आणि फिल्मला बाहुली. मग २००५ च्या पुरात पेवांमध्ये पाणी शिरून त्यातली बरीच कायमची गेली, ते तू हळकुंडांनाच सांगायला लाव. ती हलतील, एकमेकांवर चढतील, तोंडाकडे सरकतील. वस्तू आपली आपण हलताना दाखवावी ती स्टॉप मोशननेच.

आता मेहनतीचा हिशोब. सेकंदाला २४ फ्रेम. एक स्थिती दोन फ्रेम धरून ठेवली तर सेकंदाला १२ स्थिती, म्हणजे मिनिटाला ७२०. एकट्या माणसाच्या हातून दिवसभरात सहा सेकंदं स्वच्छ निघाली तर दिवस चांगला गेला म्हणायचं. त्या वेगाने चार मिनिटांच्या फिल्मला ४० दिवस लागतात, पंधरा मिनिटांना १५०. त्यात बाहुल्या बनवणं, तालमी, संगीत काहीच धरलेलं नाही. बारा मिनिटांच्या प्रयोगात चार मिनिटं फिल्म पुरते. पन्नास मिनिटांचा हट्ट धरलास तर फिल्म अर्धी राहील आणि तालीम व्हायचीच राहून जाईल.

त्या चार मिनिटांतलीही काही वाचवता येतील. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमची ‘हॉटेल मॉडर्न’ ही नाटकमंडळी रंगमंचावरच माती, छोटे सैनिक आणि झाडं म्हणून पार्स्लीच्या काड्या मांडून पहिल्या महायुद्धाचे खंदक उभे करते. कलाकार छोट्या कॅमेऱ्याने ते तिथल्या तिथे चित्रित करतात आणि पडद्यावर दाखवतात. तूही पेवाची छोटी प्रतिकृती टेबलावर ठेवून फोनचा कॅमेरा आत फिरवू शकतेस. कॅमेरा नुसता फिरायचा असेल तिथे थेट चित्रण कर आणि हळकुंडांना जीव यायचा असेल तेवढ्याच जागी स्टॉप मोशन. हा निवाडा प्रत्येक दृश्यासाठी आधी कागदावर कर.

फिल्म करताना खिडकीवर जाड पडदा लाव, कारण दिवसाचा उजेड बदलला की चित्र लुकलुकतं. एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हातानेच कुलूपबंद करायचं, फोनवर असलीस तरी. पात्राच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा घाल आणि तळपाय खाली स्क्रूने बांध, नाहीतर एका धक्क्यात सकाळपासूनचं काम जाईल.

प्रयोगाची खरी अडचण मात्र वेगळी असते. फिल्म थांबत नाही आणि बाहुलीला थांबावं लागतं. एखाद्या दिवशी प्रेक्षक हसतील, एखाद्या दिवशी नाही. चार मिनिटं सलग चालवलीस तर बाहुली चालवणारे पडद्यामागे धावत राहतील. म्हणून फिल्मचे छोटे तुकडे कर. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक स्थिर किंवा हलकी फिरत राहणारी फ्रेम ठेव आणि पुढचा तुकडा बाहुलीवाल्याच्या इशाऱ्यावर सोड. ते सोडणारा माणूस तालमीत पहिल्या दिवसापासून हवा. तो वादकासारखाच कलाकार आहे, शेवटच्या दोन दिवसांत बोलावण्याचा तंत्रज्ञ नव्हे. प्रोजेक्टर शक्यतो मागून मार, म्हणजे बाहुलीची सावली पडद्यावर पडणार नाही, आणि बाहुलीवरचा प्रकाश बाजूने घे.

आता शिकायचं कुठे? आधी पिंगुळीला जा. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. चित्रकथीत एकामागून एक चित्र समोर येतं आणि गाणारा ते उलगडत नेतो. आवाज आणि चित्र यांचा मेळ कसा धरायचा, हे तिथे बसून ऐकल्याशिवाय कळणार नाही. नुसते फोटो काढून परत येऊ नकोस.

तुझी कल्पना परक्या देशातून आणलेली आहे असं घरात कुणी म्हणत असेल, तर कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांचं नाव सांग. त्यांनी १८९२ मध्ये ‘शांभरिक खरोलिका’ सुरू केली. काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याने पडद्यावर पाडायची, ती हलवायची आणि सोबत संवाद नि गाणी म्हणायची. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये काड्यापेटीतल्या काड्या एकेका फ्रेमने हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. आणि तुझ्याच गावच्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्या घडवल्या होत्या.

पदव्युत्तर शिक्षणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: अ‍ॅनिमेशन संस्थेत शिक, बाहुली माणसांकडून शिक. एनआयडीचा अ‍ॅनिमेशन फिल्म डिझाइनचा एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) अडीच वर्षांचा आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात अ‍ॅनिमेशनचा एम.डेस. दोन वर्षांचा असून त्याला सीईईडी ही डिझाइनची प्रवेश परीक्षा लागते. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय मोठं आहे, पण तिथली तीन वर्षं तुला मुख्यतः अभिनय आणि दिग्दर्शनाकडे नेतील. तुझा हात वस्तू घडवणारा आहे, तो तिथे मागे पडेल. दादी पदमजी एनआयडीत शिकले, मग स्टॉकहोमला मिखाएल मेश्के यांच्याकडे बाहुलीनाट्य शिकले आणि १९८६ मध्ये दिल्लीत ‘इशारा’ ही बाहुलीनाट्य मंडळी उभी केली. दिल्लीत अनुरूपा रॉय यांची ‘कटकथा’ आणि मुंबईत चोइती घोष यांचं ‘ट्रॅम आर्ट्स’ या अशाच मंडळी आहेत. त्यांचे प्रयोग आणि कार्यशाळा कुठे होतात यावर लक्ष ठेव. पुढे परदेशाचा विचार आलाच तर प्रागची डामू ही संस्था बघ. स्टॉप मोशनचे मोठे दिग्दर्शक यान श्वांकमायर तिथे बाहुलीनाट्यच शिकले होते.

आता बाबांसाठी. तुम्ही विचारलंत ते रास्त आहे, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. प्रायोगिक प्रयोगांच्या तिकिटांवर पोट भरत नाही, आणि पुढच्या पाच वर्षांत भरेल असं मी सांगणार नाही. पोट भरतं ते या कामातून हाताला लागलेल्या कौशल्यांवर: प्रतिकृती बनवणं, प्रकाश, कॅमेरा, संकलन. जाहिरातपट, अ‍ॅनिमेशन स्टुडिओ, चित्रपटांचा कला विभाग, शाळांमधल्या कार्यशाळा इथे ही कौशल्यं लागतात. पण हे काम बहुतेक वेळा कंत्राटाने मिळतं आणि पैसे उशिरा येतात. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय तिने यात पूर्णवेळ उडी घेऊ नये. सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपयांची. लोककला आणि बाहुलीकला त्यात बसतात. तेवढ्यावर घर चालत नाही, पण गुरूकडे जाणं-येणं आणि साहित्य यांचा भार हलका होतो.

म्हणून पुण्याची नोकरी नाकारू नकोस, पण बारा मिनिटांचं काम तिच्याआधी पूर्ण कर. त्यालाच शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून नोंदव. कॅमेरा, खोली, मार्गदर्शक आणि वर्गमित्रांचे हात तुला पुन्हा इतक्या सहज मिळणार नाहीत. पहिला प्रयोग हरिपुरात, पेव वापरलेल्या माणसांसमोर कर आणि नंतर त्यांना बोलू दे. कंदील कसा धरतात, दोर कुठे बांधतात, हे चुकलं असेल तर तेच सांगतील. ते दुरुस्त करून मगच पुण्यात एखाद्या छोट्या रंगमंचासाठी विचारणा कर. दोन्ही प्रयोगांचं एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याने सलग चित्रण घे. प्रवेशाच्या मुलाखतीत कापाकापी केलेल्या झलकेपेक्षा ते जास्त बोलतं.

सीईईडी जानेवारीत असते आणि तिचे अर्ज साधारण ऑक्टोबरात सुटतात. एनआयडीचंही वेळापत्रक त्याच सुमाराचं. प्रयोग तयार होण्याची वाट न बघता दोन्ही अर्ज भरून टाक.